सुलाबाईंनी नाव घेतलं

नवऱ्याचं नाव कारभारी असणं ही बायकोच्या दृष्टीनं मोठी अडचण आहे. वणी-दिंडोरीकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'आमचे कारभारी' म्हणतात आणि वेळ निभावून नेतात. पण जिच्या नवऱ्याचं बारशातलं नावच कारभारी, तिनं काय म्हणावं? सुलाबाईंनी 'मालक' म्हणून एक्कावन्न वर्षं काढली. सासू कडक होती. नुसतं नाव टाळून तिचं भागायचं नाही, नावाचा वास असलेला शब्दही सुनेच्या तोंडून येता कामा नये. त्यामुळे सुलाबाईंच्या घरात कारभार कधी नव्हताच, व्याप होता. गावच्या पंचायतीचाही व्यापच होता.

पुढे सासू गेली, बिऱ्हाड नाशकात आलं, मुलगा सुयश शाळेत जायला लागला. त्याच्या पाटीवर सुलाबाईंनीही अक्षरं गिरवली आणि हळूहळू पेपर वाचायला लागल्या. वाचायच्या मोठ्यानं, बोट ठेवून. आता मराठी पेपर म्हटला की आठवड्यातून एकदा कुणाचा तरी भोंगळ कारभार चव्हाट्यावर येतोच. त्या शब्दापाशी आल्या की सुलाबाईंना ठसका लागायचा. कारभारी दाढी करता करता आरशातून विचारायचे, 'भोंगळ काय? पुढचं वाच ना.' सुलाबाई पदरात हसायच्या. 'भोंगळ ते. पुढचं तुमचं तुम्ही समजून घ्या,' म्हणायच्या आणि पान उलटायच्या.

कारभाऱ्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. कमरेएवढी लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडायचे आणि वेळ झाली की बंद करायचे. कुठल्या आळीला किती आटे सोडले म्हणजे वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढतं, हे त्यांच्या मनगटाला माहीत होतं. पहाटे निघायचे, दहाच्या सुमाराला परत यायचे, फाटकाची कडी वाजवायचे आणि 'आलो गं' म्हणायचे. सुलाबाई चहाचं आधण ठेवायच्या. तीस-बत्तीस वर्षं यात खंड पडला नाही. निवृत्तीनंतर सुयशनं गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला रो-हाऊस घेतलं, वर टाकी, खाली टाकी, पाण्याची ददात नाही. म्हातारा-म्हातारी तिथं सुखानं नांदतील असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

चार वर्षांपूर्वी सुलाबाई भांडी भरायला लागल्या. पाणी जाणार म्हणायच्या. हंडा, कळशी, पातेली भरून झाली की वाट्या, पेले, चमचेसुद्धा भरून ठेवायच्या. एकदा देव्हाऱ्यातली समई भरली. कारभारी हसले होते. आयुष्यभर पाणी सोडणाऱ्याची बायको, दुसरं काय करणार! मग एक दिवस त्यांनी कारभाऱ्यांच्या दोन्ही बुटांत पाणी भरून ते ओळीनं ओट्यावर मांडले, आणि हसू मावळलं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, स्मृतिभ्रंश म्हणाले, गोळ्या दिल्या आणि या गोळ्यांनी बरं होत नाही हेही सांगितलं. एवढं खरं बोलणारा डॉक्टर कारभाऱ्यांना आवडला नाही.

माणसाच्या नशिबात काय काय शिकायचं असतं बघा. ज्या कारभाऱ्यांनी कधी हातानं पाणी घेऊन प्यायलं नाही, ते चहा करायला शिकले, खिचडी शिकले, दुपट्याची घडी कशी घालावी ते शिकले. बायकोला न्हाऊ घालायला शिकले. सुरुवातीला अंगावर तांब्या ओतताना दोघंही लाजायचे. सुलाबाई म्हणायच्या, 'मालक, काय ओ ही वेळ आणली तुमच्यावर.' मग ते म्हणणं थांबलं, लाजणंही थांबलं. साडीच्या निऱ्या पायात यायला लागल्यावर सून तेजलनं चार गाऊन आणले. सगळ्यात अवघड गेली ती वेणी. चावीनं घट्टे पडलेल्या बोटांत ते पांढरे, मऊ केस ठरायचे नाहीत. तेजलनं एका रविवारी दोऱ्याचे तीन पेड घेऊन शिकवलं. आता रोज सकाळी दहा वाजता मागच्या ओट्यावर, उन्हात, सुलाबाई स्टुलावर बसायच्या, खांद्यावर टॉवेल, आणि कारभारी खोबऱ्याचं तेल लावून वेणी घालायचे. दिवसभरातला तेवढाच वेळ सुलाबाई शांत असायच्या.

बाकीच्या दिवसाबद्दल न बोललेलं बरं, पण बोलायला तर हवंच. नळ सुटे राहायचे. शेगडीची कळ काढून ठेवावी लागायची. कामाला ठेवलेल्या मावशीला सुलाबाईंनी आठव्या दिवशी चोर म्हणून अंगणात उभं केलं. ती गेली आणि दुसरी आली नाही. तेजल शाळेत शिकवायची, चाळीस मुलांना सांभाळून घरी यायची आणि फाटकापाशी स्कूटर लावून पाच मिनिटं तशीच बसून राहायची. आत यायची तिची हिंमत होत नसे. कारभाऱ्यांनी ते खिडकीतून पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. त्यांचं स्वतःचं सोबत्यांबरोबर फिरणं बंद झालं होतं. सुलाबाईंना उठवता-बसवता हर्निया झाला होता, पट्टा बांधून चालत होते. एकदा, भरलेलं ताट सुलाबाईंनी तिसऱ्यांदा ढकललं तेव्हा कारभाऱ्यांनी त्यांचं मनगट धरलं आणि जोरात पिळलं. ज्या हातानं व्हॉल्व्ह फिरवले तो हात. चार बोटांचे निळे वळ आठ दिवस दिसत होते. तेजलनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, दाराला आपटली. आठही दिवस वेणी घालताना त्यांची मान वर झाली नाही.

दिवाळीनंतर सुलाबाई हरवल्या. फाटक उघडं राहिलं एवढंच निमित्त. तीन तास तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी आनंदवल्लीकडच्या भाजीवाल्यांपाशी सापडल्या. भाजीवालीनं त्यांना चहा पाजून बसवून ठेवलं होतं आणि चौकीत कळवलं होतं. तिथल्या पोलीसबाईनं खूप विचारलं, आजी घर कुठं, आजोबांचं नाव काय. घर सांगता आलं नाही. नाव विचारल्यावर सुलाबाई खाली बघून हसल्या म्हणे, आणि गप्प बसल्या.

चौकीत कागदावर सही करताना कारभाऱ्यांनी मजकूर वाचला. लिहिलं होतं, 'सदर महिलेस पतीचे नाव सांगता येत नाही.' त्यांनी पेन खाली ठेवलं.

'सांगता येत नाय असं नाय,' ते म्हणाले. 'सांगत नाय, असं लिहा.'

पोलीसबाईला वाटलं म्हातारा चिडलाय. सुयशनं खांद्यावर हात ठेवला, बापू, सही करा, तेच ते आहे म्हणाला. तेच ते नव्हतं. कारभाऱ्यांनी सही केली, पण घरी येईपर्यंत ते त्या एका शब्दावर भांडत राहिले. जिनं जन्मात नाव घेतलं नाही ती चौकीत घेईल? ती लाजली, म्हणजे ती जाणून होती. विसरलेलं माणूस लाजतं का?

त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न उरला. सुयशनं दिंडोरी रस्त्याला एक संस्था पाहून ठेवली होती, अशाच आजाराच्या म्हाताऱ्यांसाठी. स्वच्छ होती, बाया चांगल्या होत्या. तो वाईट मुलगा नव्हता; अंबडला कारखान्यात पाळ्या करून आल्यावर आईचे कपडे तोच धुवायचा. पण बापाची हर्नियाची गाठ दिवसेंदिवस मोठी होत होती आणि डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवू नका म्हणून बजावलं होतं. तो म्हणाला, बापू, आईला आपण कोण ते कळत नाही, मग ती इथं काय आणि तिथं काय. त्यावर कारभारी म्हणाले, 'मला वळखती तोवर ती या घरातून हलणार नाय. ज्या दिवशी वळखणार नाय, त्या दिवशी तू गाडी काढ. मी मोडता घालणार नाय. शब्द देतो.'

सुयशनं विचारलं, ओळखते कशावरून?

उत्तर कारभाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मागच्या ओट्यावर शोधलं. सुलाबाईंनी नाव घेतलंच नव्हतं असं नाही. उखाण्यात घेतलं होतं. नवीन बिऱ्हाडात पहिलं हळदीकुंकू केलं तेव्हा शेजारणींनी दार अडवलं होतं आणि सुलाबाईंनी स्वतः जुळवलेला उखाणा म्हटला होता. कारभारी आतल्या खोलीत दडून ऐकत होते. वेणीचा पहिला पेड घालता घालता ते हळूच म्हणाले, 'नळाला आलं पाणी...'

'हंडा घेतला भरून,' सुलाबाई म्हणाल्या. ताबडतोब. मग थांबल्या. मान खाली गेली, हात तोंडापाशी गेला आणि खांदे हसल्यासारखे हलले. पुढची ओळ होती, 'कारभाऱ्यांचं नाव घेते, पदर डोईवर धरून.' ती त्यांनी म्हटली नाही. 'जा तिकडं, मालक,' एवढंच म्हणाल्या.

कारभाऱ्यांना उन्हात बसल्या जागी रडू आलं. आनंदानं आलं. आता रोज वेणीच्या वेळी ते पहिली ओळ टाकायचे आणि ती थांबण्याची जागा ऐकायचे. दुसरं काही त्यांना नको होतं. सबंध पोथी विसरली तरी चालेल, ती एक न म्हटलेली ओळ जागच्या जागी असली म्हणजे झालं.

हिवाळा सरत आला. माघात एकदा सुलाबाई पेपर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाचता येणं बरंच गेलं होतं, पण मोठी अक्षरं अजून बोटाखाली यायची. कारभारी चहा गाळत होते. 'भोंगळ कारभार,' सुलाबाईंनी वाचलं, आणि तसंच पुढं वाचत गेल्या.

ठसका आला नाही. कारभाऱ्यांच्या हातातलं गाळणं कपाबाहेर गेलं आणि चहा ओट्यावरून खाली ओघळला. त्यांनी स्वतःला समजावलं, अर्थ कळत नाही तर ठसका कसा येणार, नुसती अक्षरं वाचली तिनं. फडक्यानं ओटा पुसला. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्या दिवशी वेणी घालताना उखाणाही टाकला नाही. भीती वाटली, हे खरं कारण. दुसऱ्या दिवशीही टाकला नाही.

फाल्गुनात गाठ दुखायला लागली. एका दुपारी सुलाबाईंना बाथरूममधून आणताना कारभारी गुडघ्यावर बसले आणि तेजल येईपर्यंत दोघंही फरशीवर बसून होते. सुयशनं मग फार बोलणं केलं नाही. संस्थेत सोमवारी एक जागा रिकामी होतेय, रविवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय, एवढं सांगितलं. आणि पुढं म्हणाला, की बापू, मी तुमचा शब्द मोडणार नाही. आई तुम्हाला ओळखते असं रविवारी तुम्ही म्हणालात, तर मी नाही कळवतो आणि दोन महिने रजा टाकून घरी बसतो. तेजल उन्हाळ्याच्या सुट्टीत सांभाळेल. तुम्ही सांगाल ते. मुलानं सगळा भार असा बापाच्या जिभेवर ठेवला, आणि त्यात कपट नव्हतं, म्हणून ते जास्त जड झालं.

कारभाऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. ओळखते, असं म्हणायचं. खोटं कशाला पडेल? कालच तिनं त्यांच्या हातून दोन घास खाल्ले होते.

रविवारी दहाला ऊन ओट्यावर आलं. सुलाबाई स्टुलावर बसल्या, खांद्यावर टॉवेल. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत तेजल तांदूळ धूत होती. सुयश पुढच्या खोलीत फोन घेऊन बसला होता. कारभाऱ्यांनी तळहातावर तेल घेतलं, चोळलं आणि नेहमीसारखा टाळूवर हात ठेवला.

सुलाबाई दचकून पुढं झाल्या. वळल्या. त्यांनी कारभाऱ्यांकडे नीट पाहिलं, पायापासून वरपर्यंत. मग गाऊनला पदर नव्हता म्हणून खांद्यावरचा टॉवेल उचलून डोक्यावर ओढला आणि अंग चोरून बसल्या.

'कारभारी,' त्या म्हणाल्या. स्वच्छ, न अडखळता. 'कारभारी, मालक घरी नाय. पाणी सोडाया गेलेत. तुम्ही मागून या.'

तेजलला खिडकीतून पहिला शब्द ऐकू आला. ती ओल्या हातांनीच धावत बाहेर आली. 'बापू, आईंनी तुमचं नाव घेतलं!' तिनं सुयशला हाक मारली. सुयश आला, आईपुढं उकिडवा बसला आणि कारभाऱ्यांकडे बोट करून विचारलं, आई, हे कोण? सुलाबाई म्हणाल्या, 'कारभारी.' सुयशचे डोळे भरले. चुकलो बापू, म्हणाला, ती ओळखते तुम्हाला, नावानिशी ओळखते. आपण उगाच तिला घालवायला निघालो होतो. तो तिथूनच फोन लावत आत गेला. तेजल हसत होती आणि रडत होती. कित्येक महिन्यांत त्या घरात कुणी एवढं खूश झालं नव्हतं.

कारभारी तेलाचा हात धरून उभे होते. मग ते घरातून पुढच्या दारी गेले, चपला घातल्या, फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. गल्लीत कुणी गाडी धूत होतं, पाणी उताराला लागून गटाराकडे चाललं होतं. कारभाऱ्यांनी तेवढं पाणी वाहून जाऊ दिलं. मग वळले, फाटकाची कडी दोनदा वाजवली, खाकरले आणि चपला न काढता घरातून मागच्या ओट्यापर्यंत चालत गेले.

'आलो गं,' ते म्हणाले.

सुलाबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. दारात आलेल्या शेजाऱ्याशी भल्या घरची बाई बोलते तशा, मऊ आवाजात त्या म्हणाल्या, 'तुम्हाला सांगितलं ना. मालक नाय घरी. बाईमाणूस एकलं हाय, बरं दिसत नाय ते.'

आणि टॉवेल आणखी पुढं ओढला. सासूनं शिकवलं होतं त्यातलं सुलाबाई काहीच विसरल्या नव्हत्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. बाकी गावातल्या पुरुषांना नावानं हाक मारायला हरकत नव्हती. कारभाऱ्यांना सगळं समजलं. तरी त्या दुःखाच्या तळाशी त्यांना तिचा अभिमान वाटला, आणि तोच सहन झाला नाही.

त्यांनी फणी उचलली आणि तेजलच्या हातात दिली.

'वेणी तू घाल,' म्हणाले. 'आणि सुयशला सांग, फोन परत लाव. उद्या येतो म्हणावं.'

तेजलला काही उमगेना. बापू, आत्ताच तर नाव घेतलं त्यांनी, असं ती म्हणाली. ती स्वतः नवऱ्याला दिवसातून पन्नासदा सुयश म्हणायची. तिला कुठून उमगणार! कारभाऱ्यांनी तिला समजावलं.

'तुमच्यात नाव घेतलं म्हणजे आपला माणूस. तिच्यात नाव घेतलं म्हणजे परका. मी तिला न्हाऊ घालतो, कपडे बदलतो. कालपर्यंत ठीक होतं. आता मी दुसऱ्याच्या बायकोच्या अंगाला हात कसा लावू, पोरी?'

आतून सुयशचं हसणं ऐकू येत होतं. तो संस्थेतल्या कुणाला तरी आई कशी नाव घेऊन बोलली ते सांगत होता. तेजल आत गेली. थोड्या वेळानं हसणं थांबलं.

कारभारी पुढच्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. बाईमाणूस एकटं असताना परक्यानं घरात बसू नये. पट्ट्याखाली गाठ ठणकत होती. घराची सगळी दारं उघडी होती, त्यामुळे मागच्या ओट्यावरचं बोलणं पायरीपर्यंत येत होतं. तेजल परत ओट्यावर गेली होती. ती केस विंचरत असावी. सुलाबाईंनी तिला विचारलं, गेले का ते? तेजल हो म्हणाली.

मग सुलाबाईंचा आवाज खाली आला, आपल्या माणसाशी गुज बोलावं तसा.

'ते येऊन गेले हे मालकांना सांगू नको हां, बाई. लय हळवे हायेत. उगाच मनाला लावून घेतील.'

'नाही सांगत,' तेजल म्हणाली.